हातमोजा घालून चालतं का?

कुणी विश्वास ठेवला नाही गं माझ्यावर, एकानंही नाही, आणि आता तू ते लॅपटॉपचं झाकण उघडून मला दाखवतेस की तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कामगाराचं म्हणणं' असं वेगळं बटण आहे — असू दे, बटणं जुन्या सॉफ्टवेअरमध्येही होती. बस. मालक यायला अजून तासभर आहे, तो ग्वोझ्देन दहाच्या आत कधी आलाय? बाहेर बर्फ आणि तुझे हे बूट — बूट म्हणायचं का यांना? पाय हीटरकडे कर. कॉफी घे, साखर घातलीय, विचारलं नाही. आणि मी तुला तू म्हणणार, राग मानू नकोस, माझ्या धाकटीएवढी आहेस. माझी शाळा आठवीपर्यंत, त्यातली अर्धी गुरांमागे, तेव्हा ते तक्ते-बिक्ते मालकाला दाखव. मला का बसवलंय तुझ्यासमोर? — मी कामगारांची सुरक्षा प्रतिनिधी आहे म्हणून. कशी झाले? गेल्या वर्षी सगळ्या बायकांना उभं केलं आणि म्हणाले एक प्रतिनिधी हवी, कायदा आहे, कोण होतंय? सगळ्यांनी खाली बुटांकडे बघितलं. मी नेमकी खोकले. झाले.

तर मला एकच सांग — हातमोजा घालून चालतं का हे? नाही, तू हसू नकोस, सोमवारी दुसऱ्या कंपनीचा एक आला होता नोव्ही सादहून, तोही हसला. त्याचा तक्ता गोल फिरायचा, रंग बदलायचे, मी म्हटलं तक्ता फिरू दे, हातमोजा घालून चालतं का? तो म्हणाला, बाई, तपासणीपुरता काढायचा. काढायचा! ये खाली, दाखवते तुला काढून. आम्ही बाया गोठलेल्या रासबेरी निवडतो, अख्खी एका खोक्यात, चुरा दुसऱ्यात, आठ तास, पट्ट्यापाशी थंडी आणि खोल्यांत उणे बावीस. आत लोकरीचा मोजा, वर रबराचा. तो एकदा काढला की आतला घाम गार होतो, मग परत घातलास काय आणि न घातलास काय. ही तर्जनी बघ माझी. दाब. आणखी दाब. सुई टोचलीस तरी कळायचं नाही मला. डॉक्टर म्हणतो नस मेली. मेली तर मेली, नऊ आहेत. पहिल्या महिन्यात आम्ही जुन्या सॉफ्टवेअरचा टॅबलेट, तो भिंतीवरचा पडदा गं, नाकानं दाबायचो — खरं सांगते — रांगेत उभ्या राहून एकेक जण वाकून नाक लावायची, कोंबड्या दाणे टिपतात तशा. ल्युबिंकाचं नाक मोठं, तिचं एका दाबात दोन चौकटींवर पडायचं. हसून हसून पुरेवाट व्हायची.

ल्युबिंका म्हणजे तीच. जिचं तुला ऑफिसात सांगितलं असेल. काय सांगितलं? — 'दुर्दैवी घटना'. हं.

आधी हे सांगते की ते जुनं सॉफ्टवेअर निवडलं कसं, कारण तू विचारशील, सोमवारच्यानंही विचारलं, मागच्याची निवड कोणत्या निकषावर झाली. निकष! तेव्हाही तीन कंपन्यांचे कागद आले होते, ऑफिसातल्या पोरीनं तक्ता केला होता, ह्यात हे आहे, त्यात ते नाही. आणि निवड झाली संत निकोलाच्या दिवशी, मालकाच्या घरी, कोबीच्या गुंडाळ्या आणि भाजलेलं डुक्कर यांच्या मध्ये. शेजारी कोण बसलेला? — वेलिमिर. मालकाचा कूम. तू बेलग्रेडची असलीस म्हणून काय झालं, तुझ्याही बापाला कूम असेलच, लग्नात शेजारी उभा राहिलेला, पोरांची नावं ठेवलेला. माणूस सख्ख्या भावाला नाही म्हणेल, कूमला म्हणेल का? वेलिमिर म्हणाला, बाहेरच्याकडून कशाला घेतोस, माझ्या पोरांनी बेकऱ्यांसाठी केलंय तेच तुला देतो, दोन शब्द बदलले की झालं. मालकानं ग्लास उचलला. झालं. मी तिथेच होते, ताटं नेत-आणत होते, अशा दिवशी आम्हा दोघी-तिघींना बोलावतात.

आणि दोन शब्दसुद्धा नीट बदलले नव्हते गं. पहिले दोन महिने रोज सकाळी पडदा विचारायचा — भट्टीचं तापमान योग्य आहे का? भट्टी! उणे बावीसमध्ये. 'नाही' दाबलं की पुढे जायचं नाही, लाल व्हायचं, काम सुरू करू देईना. मग काय करायचं? — 'हो' दाबायचं. भट्टी ठीक. पिठाची धूळ ठीक. मालकाला सांगितलं तर म्हणाला, दाबा गं, कूमला कळवलंय, बदलेल तो. दोन महिने आम्ही भट्टी ठीक आहे म्हणून सांगत होतो. नंतर बदललं त्यांनी, पण बोटाला सवय लागायची ती लागली. हे मी आपली अशीच सांगते, लिहून घेऊ नकोस.

त्याआधी काय होतं? वही होती. मशीनघराच्या दाराला दोरीनं बांधलेली, पेन्सिल दुसऱ्या दोरीला. माझं अक्षर म्हणजे — पण मी लिहायचे. 'पट्टा ओढतो.' 'दिवा गेला.' 'फरशीवर बर्फ, मीरा पडली.' आणि मालक रोज वाचायचा, शिव्या देत, पण वाचायचा, आणि तिहोमिरला, म्हणजे आमच्या मेकॅनिकला, तिथेच कानाला धरून उभा करायचा. नंतर टॅबलेट आला आणि वही चुलीत गेली. मालक आता पडदा बघतो. पडद्यावर खोल्यांची चौकोनी चौकोनी चित्रं, हिरवी. हिरवं दिसलं की कॉफी पितो.

आता दाराचं. तुमच्या पुस्तकात असेल, प्रत्येक गोठणखोलीच्या दाराला आतून एक दांडा लागतो, टोकाला मूठ, ती दाबली की बाहेरचं कुलूप सुटतं, म्हणजे कुणी आत अडकलं तर. त्या दांड्याभोवती एक तार असते, गरम राहते, बर्फ धरू देत नाही. तीन नंबरच्या खोलीतली ती तार नोव्हेंबरात जळाली. मला कसं कळलं? — मूठ पांढरी झाली होती. मी दाबून बघितली, हलली, पण रडत रडत. तिहोमिरला सांगितलं. म्हणाला, तार मागवायला लागेल, मागवायला तक्रार लागेल, तक्रार टॅबलेटवर टाक. टाकली. तुम्हा लोकांचं कसं असतं — लालवर बोट ठेवलं की फोटो मागतो. फोटोशिवाय तक्रार घेत नाही. मी टॅबलेट आत नेला, फोटो काढला, धुरकट. गरम जागेतून थंडीत नेलं की काचेवर वाफ धरते ना? पुसली, परत काढला, परत धुरकट, आणि माझ्याच तोंडाची वाफ त्यात. पाठवला. पडदा म्हणाला, 'फोटो अस्पष्ट, तक्रार स्वीकारलेली नाही.' दुसऱ्या दिवशी परत. 'अस्पष्ट.' तिसऱ्यांदा मी श्वास धरून काढला, बाया बाहेर हसताहेत, ही बघा दाराचं लग्नाचं चित्र काढते. 'अस्पष्ट.'

मग गेले मालकाकडे. म्हटलं, तीन नंबरचा दांडा बर्फ धरतोय. त्यानं पडदा फिरवून माझ्यासमोर केला. कुठे? म्हणाला. दाखव कुठे. सगळं हिरवं. मी म्हटलं, माझ्या बोटाला कळतं. तो म्हणाला, कुठल्या, त्या मेलेल्या? — आणि हसला, आणि ऑफिसातली पोरगीही हसली. वाईट नाही गं तो माणूस. माझ्या नवऱ्याच्या मयताला शवपेटीला खांदा दिलाय त्यानं. पण हसला. तिहोमिर म्हणाला, बाई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत भूत दिसतं. बायांनी तर वेगळंच धरलं. ते सांगायचं नव्हतं मला. — कॉफी गार झाली तुझी, ओतू का दुसरी? नको? बरं.

ते असं होतं. वेलिमिरचीच कल्पना. ऑफिसबाहेर पाटी लावली, सलग किती दिवस हिरवे, आणि शंभर झाले की प्रत्येक बाईला एक धुरावलेली डुकराची तंगडी. पूर्ण, हाडासकट, मालकाच्या सासऱ्याच्या धुरघरातली. हसू नकोस, तुमच्याकडे दुकानातून पातळ काप आणतात. आमच्या घरात हिवाळाभर पुरते ती. मी दांड्याचा विषय काढला तेव्हा पाटीवर बाहत्तर होते. एक लाल, की परत शून्यापासून. मीरा म्हणाली, सगळ्या जणींच्या ताटातलं काढून घ्यायला उठलीस का? आणि दांडा हलतो ना? हलतो. मग झालं तर. मी कुणाला भीत नाही, विचार कुणालाही, मी मालकाच्या तोंडावर बोलते. पण दहा बाया सकाळी सहाला तुझ्याकडे न बघता मोजे चढवायला लागल्या ना, की —

असो.

तर मी थांबले लाल दाबायची. हिरवं दाबायला लागले. — हो, मीच. नाक लावायचं आम्ही पहिल्या महिन्यातच सोडलं होतं. म्हटलं, अकरा जणींनी अकरा मोजे काढायचे कशाला, माझं बोट तसंही मेलेलंच आहे, मी एकटी काढते. सगळ्यांचा गुप्त आकडा आम्ही एकच ठेवला, ल्युबिंकाच्या नातीचा वाढदिवस, कारण त्या दिवशी तिनं केक आणला होता. पडदा रोज आलटून पालटून कामं वाटायचा, आज पट्टा मीराकडे, फरशी अमकीकडे, दांडे तमकीकडे. मी एकामागून एक नावं उघडायची, आकडा टाकायची, हिरवं, हिरवं, हिरवं, चार मिनिटांत अकरा जणी. बाया तोवर हीटरपाशी. त्या म्हणायच्या देव तुझं भलं करो. ह्याला तुम्ही काय म्हणता? फसवणूक? आम्ही ह्याला हातमोजा वाचवणं म्हणायचो.

आता तू लिहीत नाहीस. बरं केलंस.

पाटीवर चौऱ्याण्णव होते त्या दिवशी. सातवा डिसेंबर. ल्युबिंका नऊच्या कॉफीच्या आधी तीन नंबरमध्ये खोक्यांची एक रास आणायला गेली. दार आपोआप लागतं. दांडा हलला नाही. आत घंटेचं बटण आहे — घंटा वाजते मशीनघरात, आणि मशीनघरात तिहोमिर कानावर झाकणं लावून बसतो, कारण ती झाकणं लावायची म्हणूनही रोज एक हिरवी चौकट आहे. आम्ही कॉफी प्यायलो. कुणी म्हणालं, ल्युबिंका कुठाय? मीरा म्हणाली, बीपीच्या गोळ्या आणायला दवाखान्यात जाणार होती. मी म्हटलं, हो, म्हणाली होती. म्हणाली होती गं, पण उद्या जाणार होती. तासभर आणि वर वीस मिनिटं ती आत. मला खोक्यांची रास हवी होती म्हणून मी गेले, आणि दार उघडलं तर ती दाराला टेकून बसलेली, दोन्ही मोजे काढून शेजारी नीट ठेवलेले. का काढले? — उघड्या हातांनी मूठ धरून बर्फ वितळवायला. लोखंड होतं ते. हात सोडवताना तिची कातडी त्याच्यावर राहिली. ती मला म्हणाली, 'आलीस? रास नंतर नेऊ.' एवढंच.

उजव्या हाताची चार बोटं गेली, डाव्याची दोन.

मी रडले नाही. तू बघतेस तशी बघू नकोस, मला त्यानंतर काही वाटतच नाही. पट्टा चालू होतो, मी निवडते. अख्खी इकडे, चुरा तिकडे. घरी जाते, दिवा लावते, बसते. धाकटी फोन करते, आई, काही बोल ना. काय बोलू?

कामगार खात्याचा इन्स्पेक्टर आला तेव्हा त्याला काही सांगावं लागलं नाही, त्यानं पडदा उघडला. 'सात डिसेंबर, सहा वाजून चार मिनिटं, तीन नंबर, आतला दांडा, तपासला, ठीक.' आणि पुढे नाव. त्या दिवशी दांडे तिच्या वाट्याला आले होते. तिच्याच नावावर. तो म्हणाला, म्हणजे बाईंनी स्वतःच तपासलं होतं. मी — मी तिथेच उभी होते, इन्स्पेक्टरला खुर्ची दिली, पुसून दिली. म्हटलं नाही काही. का नाही म्हटलं? मला वाटलं कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. कागदावर तिचीच चूक झाली, मग मालक म्हणाला हा कंपनीचा अपघातच नाही, आणि पाटी पुढे चालू राहिली. पंच्याण्णव, शहाण्णव. नव्या वर्षाला तंगड्या वाटल्या. सगळ्यांना. तिच्या घरीही पाठवली.

मी गेले होते तिला बघायला, जानेवारीत. टेबलावर तंगडी, कापडात गुंडाळलेली, तशीच. म्हणाली, 'बरं झालं आलीस, कापून दे गं थोडी, मला सुरी धरता येत नाही.' मी कापायला लागले. आणि ती म्हणते — ऐक — ती म्हणते, 'मला ना आठवतच नाही त्या सकाळी मी दांडा बघितल्याचं. पण कॉम्प्युटर म्हणतो म्हणजे बघितलाच असेन. नीट बघितला नसेन. माझीच मेलीची चूक.' तिला वाटतंय की त्या दिवशी तेवढं तिनं स्वतः दाबलं. थंडीनं डोक्यातलं गेलं म्हणते, दिवसच पुसला गेला. मी कापत राहिले. पातळ केले काप, तिला आवडतात तसे. अर्धी तंगडी कापली. ती म्हणाली, पुरे गं, एवढी कोण खाणार. मी तरी कापत होते.

आता येत्या गुरुवारी तिच्या अपंगत्वाच्या पेन्शनचं आहे, कमिशनपुढे, म्हणजे पेन्शन ठरवणाऱ्या सरकारी मंडळापुढे. स्वतःच्या चुकीनं झालं असेल तर काही नाही मिळायचं, असं ऑफिसातली पोरगी म्हणाली. मालक म्हणतो, त्याच्या आधी नवीन सॉफ्टवेअर बसवून टाकू, कमिशनला दिसू दे की आपण सुधारलो. आणि वेलिमिर? — आता बोलत नाहीत दोघं. कूमशी बोलणं तोडलं मालकानं, त्याचंच त्याला जास्त लागलंय.

हे काय आणलंस पडद्यावर? जुन्या नोंदी? म्हणजे ते सगळं तुझ्यात येतं? फिरव जरा इकडे, चष्मा कुठाय माझा — हो. हीच. सात डिसेंबर. सहा चार. आणि हे पिवळं काय विचारतंय? ... जबाबदार व्यक्तीची खात्री करा. कुणी करायची खात्री? सुरक्षा प्रतिनिधीनं. म्हणजे मी. आणि बदलता येतं? एकदाच. कारण लिहून, माझ्या सहीनं. नंतर कुणालाच नाही, मालकालाही नाही? ... सोमवारच्याकडे हे नव्हतं गं. त्याच्याकडे तक्ता होता. हातमोजा घालून तुझंही चालत नाही, आधीच सांगते, ते तुझ्या साहेबांना जाऊन सांग. पण हे आहे.

नावाची जागा रिकामी ठेवली तर? पुढे जात नाही. काढ यादी. मालकाचं नाव आहे त्यात? बघ, खालपर्यंत ने. नाही ना. नसणारच, मालक कामगार नाही. वेलिमिर? तोही नाही, तो तर पाहुणा. तिहोमिर आहे. त्याला सांगितलं होतं मी, तोंडानं, दोनदा — त्याच्या नावावर ढकलता येईल, मला काही वाटणार नाही, खरंच काही वाटणार नाही. पण सहा वाजून चार मिनिटांनी तो झोपेत होता. त्या सकाळी मूठ पांढरी होती हे ज्या बाईला ठाऊक होतं, तिचंच बोट होतं त्या काचेवर.

नाही, यादीतून नाही, यादीतून नाव निवडणं मला फार चांगलं येतं. तू अक्षरं दाब, मी सांगते. आधी तिचं खोड. पूर्ण खोड. कारणाच्या जागी लिही, आकडा सगळ्यांचा एक होता आणि दाबणारी एक होती, आणि दांडा बिघडलाय हे तिला बावीस दिवस माहीत होतं. लिहिलंस? छापता येतं ना? दोन प्रती काढ, एक कमिशनला, एक मी आज ल्युबिंकाच्या घरी नेते, तिला वाचून दाखवीन. — ती गाडी वाजली, मालक आला, बघू नकोस तिकडे, हात थांबवू नकोस. त्याला तुझं दाखव, सांग बाईंना हेच पसंत आहे. माझं नाव टाक आता. बापाचंही टाक, सरकारी कागदाला लागतं. रादोयका. मिलिसाव. पेत्रोनियेविच.